दुसरी प्रोग्रॅमिंग भाषा निवडताना

टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर ८ चा फॅक्टोरियल काढला, तर उत्तर येतं उणे २५,२१६. एक ते आठ हे आकडे एकमेकांशी गुणायचे, त्यातला एकही ऋण नाही, खरं उत्तर ४०,३२०. आणि पडद्यावर मात्र उणे चिन्ह. लूप बरोबर असतो, गुणाकार बरोबर असतो, सेमीकोलन जागच्या जागी असतात. ७ पर्यंतची उत्तरंही चोख येतात. लॅबमध्ये सर सांगतात, "इंटच्या जागी लाँग लिही." मुलं लिहितात, उत्तर सुधारतं, जर्नलवर सही होते आणि सगळे पुढच्या प्रॅक्टिकलकडे वळतात.

घडलेलं असतं ते असं. टर्बो सी हा बोरलँड कंपनीनं १९८७ साली आणलेला, डॉसच्या जमान्यातला कंपायलर. त्यात साध्या पूर्णांकाच्या वाट्याला १६ बिट येतात आणि तेवढ्यात उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ एवढेच आकडे मावतात. ४०,३२० मावत नाही. सगळ्यात डावीकडचा बिट चिन्हासाठी राखलेला असतो. तो १ झाला की संगणक आकडा ऋण धरतो. परिणाम असा, की खऱ्या उत्तरातून ६५,५३६ वजा होतात. ही फक्त लॅबमधली गंमत नव्हे. ४ जून १९९६ रोजी युरोपच्या एरियान-५ रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात वेगाशी संबंधित एक आकडा असाच १६ बिटांत मावला नाही. दिशा सांभाळणारी यंत्रणा बंद पडली आणि जेमतेम चाळीस सेकंदांत रॉकेट आकाशातच फुटलं.

आता हाच फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम वेगवेगळ्या भाषांत चालवून पाहा. आजच्या जीसीसी कंपायलरवर सीचा इंट साधारणपणे ३२ बिटांचा असतो, त्यामुळे १२ पर्यंत सगळं ठीक चालतं. १३ चा फॅक्टोरियल आहे ६,२२,७०,२०,८००, पण पडद्यावर येतात १,९३,२०,५३,५०४. उणे चिन्ह नाही, म्हणून शंकाही येत नाही. सीच्या नियमांत अशा वेळी काय व्हावं हे ठरवलेलंच नाही. बहुतेक यंत्रांवर हा आकडा दिसतो, पण त्याची हमी कुणी देत नाही. जावातही १३ ला हेच चुकीचं उत्तर मिळतं. फरक एवढाच, की ते कुठल्याही यंत्रावर हेच मिळेल, कारण इंट ३२ बिटांचा आणि न मावणारे वरचे बिट गळणार, हे जावाच्या नियमातच लिहिलेलं आहे. जावास्क्रिप्टमध्ये नेहमीची संख्या दशांश अपूर्णांकासारखी साठवली जाते. तिला २५ चा फॅक्टोरियल विचारला, तर पुढचे सतराएक अंक आणि दहाचा घात मिळतो, मागचे अंक हरवतात. पायथन सव्वीसच्या सव्वीस अंक बिनचूक छापतो. आणि रस्ट ही तुलनेनं नवी भाषा, प्रोग्रॅम तपासणीच्या अवस्थेत असताना, गुणाकार मावत नाही असं सांगून जागीच थांबते.

गणित एकच, पण संख्या म्हणजे काय, या प्रश्नाला पाच भाषांनी आपापलं उत्तर दिलं. 'पुढची भाषा कोणती शिकू?' हा विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्न इथून सोडवायला घेतला तर बराच सोपा होतो. प्रत्येक भाषा काही गोष्टी तुमच्यासमोर मांडते आणि काही तुमच्यापासून दडवते. पहिल्या भाषेनं जे दडवलं ते जी भाषा समोर आणेल, ती दुसरी.

क्रमवारीतून काय कळतं?

हा निकष सोडून बहुतेक जण आधी लोकप्रियतेच्या याद्या उघडतात. त्या याद्या खोट्या नसतात, पण प्रत्येकीचं माप वेगळं असतं. टायोबी नावाचा निर्देशांक सर्च इंजिनांवर त्या भाषेबद्दल किती पानं सापडतात, यावरून क्रम लावतो. स्टॅक ओव्हरफ्लो आपल्याच वाचकांना दरवर्षी प्रश्नावली पाठवतं. गिटहब आपल्याकडे साठवलेल्या प्रकल्पांवरून हिशोब मांडतं. म्हणून २०२४ या एकाच वर्षी टायोबी आणि गिटहबच्या यादीत पायथन पहिला होता, स्टॅक ओव्हरफ्लोवर सर्वाधिक वापरली जाणारी भाषा जावास्क्रिप्ट होती आणि वापरणाऱ्यांच्या पसंतीत रस्टनं बाजी मारली होती. बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या बंद दाराआड जावात आणि कोबोलमध्ये लिहिलेला जो प्रचंड कोड रोज चालतो, तो यातल्या कुठल्याच मापात नीट येत नाही.

नोकरीचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. शिक्षणकर्ज काढून शिकणाऱ्या मुलाला 'आवडेल ते शिक' असं सांगणं सोपं असतं. पण कॅम्पस मुलाखतीतली कोडिंगची फेरी पाहिली तर तिथे बहुधा दोन-चार भाषांतली कुठलीही निवडायची मुभा असते. तपासतात ते ॲरे, स्ट्रिंग, रिकर्शन आणि प्रश्नाचे तुकडे पाडता येतात का, हे. कामाला लागल्यावर कोणती भाषा हाती येईल हे प्रोजेक्ट ठरवतो, आणि मोठ्या कंपन्या नव्या भरतीला आधी प्रशिक्षणाला बसवतात. इन्फोसिसचं मैसूरचं आवार त्यासाठीच उभारलेलं आहे.

मागणीचा वारा किती लवकर फिरतो, हे २००० च्या आसपास शिकलेल्यांना विचारावं. तेव्हा पुण्या-मुंबईत क्लासच्या पाट्यांवर 'व्हीबी-ओरॅकल' ही जोडगोळी असायची. व्हिज्युअल बेसिक ६ आलं १९९८ साली, आणि दहा वर्षांत मायक्रोसॉफ्टनं त्याचा आधार काढून घेतला. जे फक्त फॉर्मवर बटणं मांडायला शिकले होते, त्यांना सगळं नव्यानं शिकावं लागलं. पण त्याच क्लासमध्ये ओरॅकलच्या निमित्तानं शिकलेली एसक्यूएल आजही जशीच्या तशी चालते. दोन्हींची फी एकाच पावतीवर फाडलेली होती, टिकली त्यातली एकच.

सगळ्यांनी शिकावी अशी एक

म्हणून पहिली शिफारस एसक्यूएलची, पहिली भाषा कुठलीही असो. एडगर कॉड यांनी १९७० साली टेबलांच्या स्वरूपात माहिती साठवण्याची कल्पना मांडली. १९७४ साली आयबीएममधल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यावर ही भाषा बेतली. पन्नास वर्षं उलटली तरी तिला हलवणारं कुणी आलेलं नाही. तुमच्या खिशातल्या फोनमध्येही एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस बसलेला असतो.

ती शिकायची ती फक्त उपयोगी आहे म्हणून नव्हे. सी, जावा, पायथन या तिन्हींत तुम्ही संगणकाला पायऱ्या सांगता: पहिला विद्यार्थी घे, हजेरी बघ, कमी असेल तर मोजणी वाढव, पुढच्याकडे जा. एसक्यूएलमध्ये तुम्ही सांगता ते हवं असलेलं उत्तर: ज्यांची हजेरी ७५ टक्क्यांहून कमी आहे अशांची शाखावार संख्या दे. एवढं एक वाक्य म्हणजेच प्रोग्रॅम. लूप नाही, मोजणीचं व्हेरिएबल नाही. यादी कुठून वाचायची, आधी गाळायची की आधी गट पाडायचे, हे डेटाबेस स्वतः ठरवतो. लूपशिवाय विचार करता येतो हे ज्याला एकदा कळलं, त्याला पुढे पायथनमधली पांडाज ही लायब्ररी परकी वाटत नाही. एखाद्या सुट्टीत पायाभूत एसक्यूएल सहज हाताखालून जाते.

सीनं सुरुवात केली असेल तर

महाराष्ट्रात डिप्लोमाची सुरुवात वर्षानुवर्षं सीनं होत आली आहे. राज्य मंडळाच्या बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलेल्यांची सी प्लस प्लसनं. सी ही १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिण्यासाठी घडवलेली भाषा. तिला मेमरी दाखवायची असते. पॉइंटर, ॲरेचा पत्ता, बाइट हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर असतं. जे नसतं ते म्हणजे मोठ्या प्रश्नाला थेट हात घालण्याची सोय. एखाद्या लेखातला कुठला शब्द किती वेळा आला हे मोजायचं, तर सीमध्ये आधी शब्द साठवायची रचना स्वतः बांधावी लागते आणि तिथेच अर्धा दिवस जातो.

अशांनी पायथनकडे जावं. गिडो व्हॅन रोसम यांनी १९८९ च्या नाताळात अॅमस्टरडॅममध्ये या भाषेचं काम सुरू केलं आणि १९९१ साली ती प्रसिद्ध झाली. तिच्यातली डिक्शनरी ही रचना वापरली तर तीच शब्दमोजणी पाच-सहा ओळींत होते, आणि मग लक्ष मोजणीवरून 'या आकड्यांचा अर्थ काय' याकडे वळतं. मात्र एक पथ्य पाळायचं: पायथनमध्ये सी लिहायची नाही. आय शून्यापासून एनपर्यंत फिरवत प्रत्येक यादी चाळणारा मुलगा भाषा बदलूनही जिथल्या तिथेच असतो.

पायथननं सुरुवात केली असेल तर

सीबीएसईच्या अकरावी-बारावीत सी प्लस प्लसची जागा आता पायथननं घेतली आहे, त्यामुळे अशी मुलं दरवर्षी वाढत आहेत. त्यांची अडचण नेमकी उलटी. पायथननं त्यांच्यापासून दोन गोष्टी दडवलेल्या असतात: मेमरी आणि प्रकार, म्हणजे टाइप.

फॅक्टोरियलचे सव्वीस अंक बिनचूक छापताना पायथन ती संख्या तुकड्यातुकड्यांत साठवतो आणि हातानं करावा तसा हातचे घेत गुणाकार करतो. हे कष्ट दिसत नाहीत, पण वेळ खातात. म्हणूनच मोठ्या आकडेमोडीसाठी नमपाय ही लायब्ररी वापरतात, आणि तिचा गाभा सीमध्ये लिहिलेला आहे. मग एके दिवशी नमपायच्या ६४ बिटांच्या पूर्णांकांत २१ चा फॅक्टोरियल काढला की उत्तरापुढे उणे चिन्ह लागतं. पायथनमध्ये असं होऊ शकत नाही, असं वाटणारा विद्यार्थी चक्रावतो. सी शिकलेल्याला काय झालं हे लगेच उमगतं.

म्हणून डेटा सायन्स करायचं असेल तरी एक सत्र सीला द्यावं. दहा घरांच्या ॲरेत अकराव्या घरावर लिहून बघावं. सी बहुधा तक्रार करत नाही, शेजारचं काहीतरी मुकाट्यानं बिघडतं. २०१४ साली गाजलेली हार्टब्लीड ही त्रुटी याच जातकुळीतली होती. ओपनएसएसएलच्या सी कोडमध्ये मागितलेल्या लांबीची शहानिशा झाली नाही, आणि सर्व्हरच्या मेमरीतली भलतीच माहिती बाहेर जाऊ लागली. हे हातानं करून पाहिल्यावर रस्टसारखी भाषा का जन्माला आली आणि डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यात तिला जागा का मिळाली, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

टाइपची शिस्त हवी असेल तर जावा. १९९५ साली आलेली ही भाषा तुम्हाला प्रत्येक गोष्टीचा प्रकार आधीच लिहायला लावते आणि प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच अर्ध्या चुका दाखवते. दोनशे ओळींच्या प्रोग्रॅमला हा जाच वाटतो. चार जणांनी मिळून वीस हजार ओळी लिहायला घेतल्या की तोच आधार ठरतो.

अक्षर म्हणजे काय?

संख्येसारखीच गोष्ट अक्षराची, आणि ती मराठी माणसाच्या जास्त जवळची. पॅलिंड्रोम ओळखण्याचा प्रोग्रॅम प्रत्येक लॅबमध्ये असतो: शब्द उलटा करा, मूळ शब्दाशी जुळतो का बघा. पायथनमध्ये 'कडक' दिलं तर उत्तर येतं 'होय'. मग शाळेपासून पाठ असलेलं 'रामाला भाला मारा' रिकाम्या जागा काढून द्यावं. उत्तर येतं 'नाही'.

कारण युनिकोडमध्ये 'रा' हे एक अक्षर नसून दोन संकेत असतात, आधी र आणि मग काना. पायथन संकेत उलटे करतो, त्यामुळे काना र च्या आधी जातो आणि शब्द मोडतो. 'कडक'मध्ये काना-मात्रा नाही म्हणून ते निभावतं. सीमध्ये तर 'कडक'सुद्धा निभावत नाही. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइटांचा असतो, आणि साधा सी प्रोग्रॅम ते बाइटच उलटे करून टाकतो. ॲपलनं २०१४ साली आणलेली स्विफ्ट मात्र 'रा' हे एकच अक्षर मानते, त्यामुळे तिथे 'रामाला भाला मारा' बिनबोभाट पॅलिंड्रोम ठरतं.

'पुणे' या शब्दाची लांबी विचारून बघा. सी, गो आणि रस्ट यांच्या नेहमीच्या मोजणीत १२, पायथन, जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये ४, स्विफ्टमध्ये २. तिघांचंही बरोबर आहे. पहिला गट बाइट मोजतो, दुसरा संकेत, तिसरी भाषा माणसाला दिसणारी अक्षरं. मराठी नावं स्वीकारणारा फॉर्म किंवा मराठी शब्दकोशाचं ॲप करणाऱ्याला हा फरक पहिल्याच आठवड्यात गाठतो. एकच भाषा जाणणारा तिथे 'मराठीत बग येतो' म्हणून हात टेकतो. दोन भाषांतली मोजणी पाहिलेला विचारतो, आपण इथे नेमकं काय मोजतोय?

कामाच्या दिशेनं

दडवलेलं समोर आणणाऱ्या भाषा अनेक निघतील. त्यातून एक निवडताना मग कामाची दिशा बघावी. वेबसाइट करायच्या तर जावास्क्रिप्टला पर्याय नाही. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केपमध्ये दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा उभा केला, त्याच्या खुणा तिच्यात अजून सापडतात. पण ती एक नवी गोष्ट शिकवते: उत्तराची वाट बघत न थांबणारा प्रोग्रॅम कसा लिहायचा. अँड्रॉइडसाठी कोटलिन घ्यावी. गूगलनं २०१७ साली तिला अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ पासून तिलाच प्राधान्य दिलं. एखादी किंमत रिकामी असू शकते की नाही, हे ती टाइपमध्येच लिहायला लावते, आणि जावातला एक नेहमीचा डोकेदुखीचा एरर त्यामुळे बराच आटोक्यात येतो. सर्किटशी खेळणाऱ्यांना सी लागतेच. स्पर्धात्मक कोडिंगवाले सी प्लस प्लसकडे वळतात ते तिच्या वेगासाठी आणि तयार रचनांसाठी. गेट परीक्षेपुरतं बोलायचं तर कॉम्प्युटर सायन्सच्या अभ्यासक्रमात सी आहे आणि २०२४ पासून सुरू झालेल्या डेटा सायन्सच्या पेपरला पायथन.

आणि एखाद्याला नोकरीचा विचार बाजूला ठेवून फक्त डोक्याला ताण द्यायचा असेल, तर हॅस्केल. तिथे व्हेरिएबलची किंमत एकदा ठरली की बदलत नाही, त्यामुळे लूपच उरत नाही. फॅक्टोरियल म्हणजे 'एक ते एनचा गुणाकार' एवढंच लिहायचं. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या प्राध्यापकांचा या भाषेवरचा अभ्यासक्रम एनपीटीईएलवर मोफत आहे. इंग्रजीचा अडसर वाटणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी आणि सी प्लस प्लसचे धडे मराठी आवाजातही मिळतात.

शिकायचं कसं?

नवी भाषा हाती घेतल्यावर तिचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची गरज नसते. पहिल्या भाषेत लिहिलेले आपलेच पाच-सहा प्रोग्रॅम नव्या भाषेत लिहावेत: फॅक्टोरियल, पॅलिंड्रोम, शब्दमोजणी, फाइल वाचून बेरीज, एखादं सॉर्टिंग. उत्तर काय यायला हवं हे आधीच ठाऊक असल्यानं सगळं लक्ष फरकांवर राहतं. मग मुद्दाम मोडून बघावं. मोठा आकडा द्यावा, रिकामी फाइल द्यावी, मराठी मजकूर द्यावा, आणि भाषा गप्प बसते, थांबते की खोटं उत्तर देते, हे टिपून ठेवावं. त्यानंतर स्वतःला लागणारी एक छोटी वस्तू करावी, मेसचा हिशोब म्हणा किंवा बसचं वेळापत्रक. तिथवर पोचलं की भाषा आली असं समजायला हरकत नाही. त्याआधीच तिसरीकडे उडी मारली तर बायोडेटात आठ भाषांची नावं जमतात आणि मुलाखतीत पहिल्याच उलटप्रश्नाला गाडी अडते.

आता कोड एआय लिहून देतं, मग भाषा कशाला, असंही विचारलं जातं. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम टाइप करायचे कष्ट खरंच वाचले. पण मागणीत मर्यादा सांगितली नाही तर त्यानं दिलेला जावाचा कोड साधा इंट वापरणारा असू शकतो, आणि तो १३ ला निमूटपणे १,९३,२०,५३,५०४ छापेल. हा आकडा चुकीचा आहे हे ओळखणं आता पूर्वीपेक्षा जास्त मोलाचं झालंय, कारण लिहिणारे हात वाढले आणि तपासणारे डोळे तेवढेच राहिले. ही नजर एका भाषेतल्या सवयींतून येत नाही, दोन भाषांतला फरक पाहून येते.

तेव्हा तिसऱ्या वर्षाला असाल आणि हाताशी एकच सुट्टी असेल, तर हिशोब साधा ठेवावा. आठवड्याचे दोन दिवस एसक्यूएलला द्यावेत, उरलेले पहिलीच्या उलट स्वभावाच्या एका भाषेला. रस्ट, गो, हॅस्केल ही नावं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावीत. दुसरी नीट आली की तिसरीला निम्माही वेळ लागत नाही, आणि तोवर कोणती घ्यायची हे कुणाला विचारावंही लागत नाही.